जर्सीत लोकर कुठे नको: मेरिनोच्या एका सायकल-जर्सीचं प्रकरण

तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल-राइड, वेळेची मर्यादा २० तास. पहाटे अंधारात सुरुवात, सकाळभर चढ, दुपारनंतर पाऊस आणि संध्याकाळी गार वाऱ्यात लांबलचक उतार. एवढ्या सगळ्याला एकच जर्सी पुरवायची, असं ठरवून एका अनुभवी सायकलस्वार बाईंनी शंभर टक्के मेरिनो लोकरीची, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या बारीक लोकरीची, जर्सी घातली होती. राइड वेळेत पुरी झाली. जर्सी मात्र त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, "दादा, इतकी देखणी आहे की टाकवत नाही, आणि पुन्हा घालायची हिंमत होत नाही. हिचं काय ते तुम्हीच सांगा."

खेळाच्या विणलेल्या कपड्यांचे पॅटर्न काढणं हे माझं काम. लोकर मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच ती वाईट जागी वापरलेली पाहिली की चीड येते. ही जर्सी तशी होती. कापड उत्तम, रंग सुरेख, शिवण स्वच्छ, आणि तरीही सायकलवर ती टिकाव धरत नव्हती. तिचं काय बिघडलं, का बिघडलं आणि नवी जर्सी कशी बांधली, ते इथे सविस्तर लिहितो.

तक्रारी

बाईंची पहिली तक्रार खिशांची. रस्त्यावरच्या सायकलच्या जर्सीला पाठीमागे कमरेवर तीन खिसे असतात. त्यात रेनजॅकेट, फोन, छोटा पंप, एक ट्यूब आणि खाणं, असा एक किलोच्या आसपास ऐवज होता. पाऊस सुरू होईपर्यंत ठीक चाललं. भिजल्यावर जर्सीची मागची किनार खाली खाली सरकत गेली. पॅडलवर उभं राहून पुन्हा बसताना ती सॅडलच्या, म्हणजे सीटच्या, टोकात अडकू लागली. वळणावर सगळा ऐवज एका बाजूला झुलायचा, आणि पुढे गळ्याची झिप ओढली जाऊन मानेला काचायची.

दुसरी तक्रार उताराची. "चढावर इतकी छान वाटली, आणि उतारावर दात वाजायला लागले." तिसरी तक्रार भोकांची. खिशांच्या तळाशी बारीक बारीक भोकं पडली होती आणि कसर लागली असावी असा त्यांचा अंदाज होता.

एक गोष्ट त्यांनी तक्रारीत नव्हे, कौतुकात सांगितली. वीस तासांच्या घामानंतरही जर्सीला वास नव्हता, आणि सकाळी घाम येत असताना अंगाला चिकचिक जाणवली नाही. हे मी वहीत सगळ्यात वर लिहून ठेवलं. दुरुस्ती करताना आधी जे टिकवायचं ते ठरवावं लागतं, नाहीतर दोष काढता काढता गुणही निघून जातो.

टेबलावर काय दिसलं

कापड साध्या विणीचं, म्हणजे सिंगल जर्सी. वजन २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, तंतूची जाडी लेबलप्रमाणे १८.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन असतो, त्यावरून हा तंतू किती बारीक ते कळेल. बारीक तंतू त्वचेवर टेकला की सहज वाकतो, टोचत नाही. जाडी ३० मायक्रॉनच्या आसपास गेली की तीच लोकर खाजायला लागते. त्यामुळे कापडाच्या दर्जाबद्दल मला शंका नव्हती.

शंका आली ती रचनेची. खिसे त्याच कापडाचे, तेही तिन्ही रुंद. खालच्या किनारीला अरुंद इलॅस्टिक. पाठ आणि पोट दोन्हींचा काप उभ्या माणसाच्या मापाचा, टी-शर्टसारखा. सपाट पसरली तर मधल्या खिशाचा तळ धनुष्यासारखा खाली आलेला दिसत होता, म्हणजे ताण निघाल्यावरही कापड पूर्ववत झालं नव्हतं.

मग बाईंना ती घालायला लावली, ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, लावलेल्या सायकलवर बसवलं, हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, ठेवायला सांगितले आणि खिशांत त्यांचंच नेहमीचं सामान भरलं. कोरड्या जर्सीत किनार थोडी उतरली. फवाऱ्याने पाठ चिंब केली आणि त्यांना काही वेळ उठ-बस करायला लावलं, तेव्हा किनार चार बोटं खाली आली. भोकांचा उलगडाही तिथेच झाला. पंपाचं टोक आणि सॅडलबॅगेचा पट्टा नेमक्या त्याच जागी घासत होते. कसर कापड कुरतडते ती कुठेही, बहुधा घामाचे किंवा अन्नाचे डाग राहिलेल्या जागी आणि घडीच्या आडोशाला. इथली भोकं खिशाच्या तळाच्या रेषेतच होती, दुसरीकडे एकही नव्हतं. धुण्याबद्दल विचारलं तेव्हा आणखी एक कारण हाती लागलं. जर्सी घरातल्या इतर कपड्यांबरोबर, साध्या पावडरीत, कोमट पाण्यात धुतली जात होती. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. प्रत्येक धुण्यात तंतू थोडा थोडा खाल्ला जात होता, आणि घासणाऱ्या जागी तो आधी तुटला.

लोकर पाणी कुठे ठेवते

बाकीच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

लोकरीचा तंतू पाण्याची वाफ स्वतःच्या आत घेतो. सर्वसाधारण दमट हवेत त्याच्यात वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, आणि अगदी दमट हवेत हे प्रमाण एक-तृतीयांशापर्यंत जातं. तरीही हाताला कापड ओलं लागत नाही. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के घेतं. म्हणून चढावर, घाम अजून वाफेच्या रूपात असताना, मेरिनोच्या आत अंग कोरडं वाटतं. वाफ शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते, त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात ती ऊबदार लागते. वास न येण्याचं कारणही बरंचसं इथेच आहे. वास देणारे रेणू तंतू धरून ठेवतो आणि पृष्ठभाग तुलनेने कोरडा राहतो. पॉलिएस्टरला अंगातलं तेल चिकटतं आणि धुतल्यावरही पुरतं जात नाही.

पण हा हिशेब वाफेचा. पाऊस लागला किंवा घाम धारेने वाहू लागला की पाणी तंतूंच्या आत मावत नाही, ते तंतूंच्या आणि टाक्यांच्या मधल्या जागेत साठतं. ही जर्सी कोरडी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरली. भिजवून, हाताने हलकी दाबून तोलली तेव्हा वजन जवळजवळ दुप्पट झालं. आता दोन गोष्टी एकदम घडतात. ओल्या लोकरीची ताकद कोरडीपेक्षा कमी होते आणि ती जास्त ताणली जाते. वर खिशातला किलोभर ऐवज, अधिक कापडातलंच पाणी, हे सगळं खांद्यापासून लोंबकळणाऱ्या टाक्यांच्या रांगांवर येतं. साध्या विणीतला टाका उभा ओढला की लांबतो आणि रुंदीला आखडतो. चार बोटांचा हिशेब असा लागतो.

उताराचा गारठा याच साठलेल्या पाण्याचा. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. अर्ध्या तासाच्या उतारात जर्सीतून १०० ग्रॅम पाणी उडालं तर २४० किलोज्यूल गेले, म्हणजे अर्धा तास सलग सुमारे १३० वॉट. विश्रांतीत असलेलं शरीर स्वतः १०० वॉटच्या आसपास उष्णता तयार करतं, आणि उतारावर पाय फारसे फिरत नसतात. ही सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, काही हवेतूनही येते. तरी दात का वाजले याचं कोडं उरत नाही. लोकर ओली असतानाही ऊब देते असं आपण सगळेच ऐकतो, आणि शांत हवेत, जाड विणीत ते बरंचसं खरं आहे. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात, पातळ एकपदरी कापडात, त्याच्यावर विसंबू नये.

शुद्ध लोकरीचा हट्ट

बाईंची एक अट होती, नवी जर्सीही शंभर टक्के लोकरीचीच हवी. या हट्टाला सायकलिंगमध्ये मोठी परंपरा आहे. टूर द फ्रान्स या शर्यतीत आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली, आणि त्या काळी सायकलस्वारांच्या जर्स्या लोकरीच्याच असत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम धागा मिसळलेली पिवळी जर्सी आली तेव्हा फ्रेंच सायकलपटू लुईझों बोबे यांनी ती घालायला साफ नकार दिला. उन्हात आणि धुळीत तासन् तास घाम गाळणाऱ्या माणसाला अंगाला लोकरच हवी, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आयोजकांना त्यांच्यासाठी रातोरात शुद्ध लोकरीची जर्सी करून घ्यावी लागली. पुढे १९५३ ते १९५५ अशी सलग तीन वर्षं त्यांनी ती शर्यत जिंकली.

बोबे यांचं म्हणणं मला आजही पटतं, पण त्यातला शब्द न् शब्द त्वचेला टेकणाऱ्या कापडाबद्दल आहे. खिशाच्या तळाबद्दल नाही. पाठीवरचा खिसा त्वचेचा घाम सांभाळत नाही, तो वजन उचलतो. तिथे लोकरीचा एकही गुण कामाला येत नाही आणि तिचे सगळे दोष येतात. बाईंना हे मी जर्सी हातात धरूनच दाखवलं. छातीचं कापड एका हातात, खिशाचं दुसऱ्या हातात, आणि विचारलं, "या दोन्हींकडून तुमची अपेक्षा एकच आहे का?" त्यांनी अट सोडली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता. मेरिनोची जर्सी चांगली की वाईट हे लोकरीच्या टक्क्यांवर ठरत नाही. लोकर कुठे ठेवली आणि कुठून काढून घेतली, यावर ठरतं.

लोकर आणि कृत्रिम तंतू एकत्र बांधण्याचे जुने तयार मार्गही आम्ही पाहिले. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात स्पोर्टवूल हे दुपदरी कापड तयार झालं, आत त्वचेला मेरिनो आणि बाहेर पॉलिएस्टर. २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या राफा या सायकलच्या कपड्यांच्या कंपनीची सुरुवातीची जर्सी याच कापडाची होती, आणि लोकरीच्या जर्सीला पुन्हा रस्त्यावर आणण्यात तिचा मोठा वाटा आहे. कापड टिकाऊ आहे, आकार धरतं. आम्ही ते घेतलं नाही याचं कारण एवढंच, की बाईंना दोन-दोन दिवस न धुता चालणारी जर्सी हवी होती आणि बाहेरच्या पॉलिएस्टरमुळे तो गुण उणावला असता.

नवी बांधणी

छाती, पाठीचा वरचा भाग आणि बाह्या यांना १५० जीएसएमचं कापड घेतलं. सूत असं की मध्ये नायलॉनचा बारीक अखंड धागा आणि त्याभोवती मेरिनो गुंडाळलेली. नायलॉन १२ टक्के. त्वचेला लोकरच टेकते, ताण मात्र आतला धागा घेतो. त्यामुळेच कापड पातळ करता आलं, आणि पातळ कापड पाणी कमी साठवतं. काखेखालून कमरेपर्यंत जाळीदार विणीची मेरिनो, कारण घामाला वाट तिथून लागते. लोकर घेताना मेंढ्यांवर मुलसिंग केलेलं नाही याचा दाखला मागून घेतला. माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापण्याची ही पद्धत आहे, आणि तिच्याशिवाय मिळणारी उत्तम लोकर बाजारात असताना दुसरी घ्यायचं मला कारण दिसत नाही.

कमरेपासून खालचा पाठीचा भाग आणि तिन्ही खिसे लोकरीचे नाहीतच. तिथे नायलॉन आणि इलॅस्टेन या ताणून पूर्ववत होणाऱ्या धाग्याचं घट्ट विणीचं कापड लावलं. खिसे अरुंद केले, बाजूच्या दोन खिशांची तोंडं तिरकी ठेवली म्हणजे हात सहज जातो आणि वस्तू कमरेला चिकटून बसते. खिसे थोडे वर घेतले. वजन कमरेच्या खोबणीत बसलं तर कंबर ते पेलते, खाली गेलं तर खांदे ओढले जातात. किनारीला मागच्या बाजूने रुंद इलॅस्टिक आणि आतून सिलिकॉनचे ठिपके, बिब शॉर्टला, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेल्या सायकलच्या चड्डीला, धरून राहतील असे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाठीच्या दोन उभ्या शिवणींवर. खांद्यापासून खिशापर्यंत या शिवणींच्या आत न ताणणारी बारीक फीत घातली, म्हणजे ओल्या कापडाला लांब व्हायला मर्यादा राहते. अडचण अशी की ड्रॉप्सवर वाकलं की पाठ लांबते. उभ्या मापाची फीत घातली तर जर्सी पाठीत आवळते आणि किनार वर चढून कंबर उघडी पडते. म्हणून फीत वाकलेल्या पाठीच्या मापाने कापली आणि शिवताना कापड तेवढं सैल सोडलं. बाई उभ्या राहिल्या की पाठीवर किंचित चुणी दिसते. सायकलवर ती नाहीशी होते. पुढचा भाग त्याच हिशेबाने आखूड केला, म्हणजे वाकल्यावर पोटावर कापडाचा गोळा होत नाही. आरशासमोर ही जर्सी पुढून जरा तोकडी वाटते. ज्यांना हे माप खटकतं त्यांना मी सायकलवर बसून आरसा पाहायला सांगतो.

उताराच्या गारठ्यावर मी जर्सीत काहीच केलं नाही, आणि हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. छातीवर वारा अडवणारं कापड लावता आलं असतं. पण मग चढावर तिथली वाफ कोंडली असती, आणि ज्या गुणासाठी मेरिनो घ्यायची तोच गेला असता. त्यापेक्षा १०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बिनबाह्यांचं विंडचीटर मधल्या खिशात ठेवायचं आणि माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, अंग तापलेलं असतानाच चढवायचं.

देखणेपणाचं कारण

मेरिनोच्या जर्स्या जवळजवळ नेहमीच एकरंगी, फार तर छातीवर किंवा दंडावर एखादा पट्टा असलेल्या दिसतात. ही फक्त आवड नाही. पॉलिएस्टरवर जी चित्रविचित्र छपाई दिसते ती सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून तो कापडात मुरवण्याच्या पद्धतीने, होते. त्यातला रंग पॉलिएस्टरमध्येच नीट मुरतो आणि त्याला २०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. लोकर तो रंग धरत नाही आणि तेवढ्या उष्णतेत ती पिवळी पडू लागते. म्हणून लोकरीवर नक्षी आणायची तर सूतच रंगवावं लागतं, पट्टे विणावे लागतात, अक्षरं भरतकामाने काढावी लागतात. लोकर आम्लधर्मी रंग मात्र खोलवर आणि समृद्ध घेते, आणि तिचा पृष्ठभाग चकाकत नाही. मर्यादेतून आलेली ही शैली मला फार मोलाची वाटते, कारण ती कापडाशी प्रामाणिक आहे.

बाईंना गडद निळा रंग हवा होता. रात्रीच्या राइडसाठी तो धोक्याचा. नायलॉनच्या खिशांवर परावर्तक पट्टी नीट बसते, म्हणून ती तिथे आडवी शिवली. दंडावर शुभ्र विणलेला पट्टा घेतला. दिवसा जर्सी जुन्या काळातल्या जर्सीसारखी सोज्वळ दिसते, आणि मागून दिव्याचा झोत पडला की कंबरेची रेषा लख्ख उजळते.

पुढच्या मोसमात

अशाच दिवसभराच्या राइडवर, पावसासकट, नवी जर्सी वापरली गेली. तेच सामान, चिंब अवस्था, आणि किनार एका बोटापेक्षा कमी उतरली. सॅडलला एकदाही अडकली नाही. उतारावर विंडचीटर घातलं होतं, गारठ्याची तक्रार आली नाही. वासाबाबत जुन्या जर्सीइतकीच निर्धास्त. धुण्याची पद्धत बदलली आहे. एन्झाइम नसलेलं लोकरीचं लिक्विड, गार पाणी, सॉफ्टनर अजिबात नाही, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवी वाळवायची.

सगळं सुटलं असं मात्र नाही. काखेच्या आतल्या बाजूला, जिथे दंड घासतो, तिथे गोळे येतात. सुरुवातीच्या काही धुण्यांत आखूड तंतू निघून गेले की ते कमी होतात, पण पूर्ण थांबत नाहीत. रात्री धुतलेली जर्सी सकाळी खिशांपाशी खडखडीत वाळलेली आणि छातीवर अजून दमट असते. बाई ती तशीच घालतात आणि त्यांना चालतं, सगळ्यांना चालेलच असं मी सांगणार नाही. कडक उन्हातल्या दोन तासांच्या जोरकस राइडला त्या पातळ पॉलिएस्टरची जर्सीच घालतात. धारेने वाहणारा घाम झटपट उडवायचा असेल तर तिथे मेरिनो मागे पडते, आणि मीही त्यांना तोच सल्ला दिला असता.

जुनी जर्सी मी खिसे उसवून, खालचा भाग कापून, नव्या किनारीनिशी त्यांना परत दिली. बिनखिशांची ती आता थंडीत आतला थर म्हणून वापरात आहे. तिथे वजन काहीच उचलायचं नसतं, बाहेरून वारा अडलेला असतो आणि २०० जीएसएमची जाडी उपयोगी पडते. लांब बाह्यांच्या हिवाळी जर्सीचं माप आम्ही घेतलं आहे. तिच्यातही खिसे नायलॉनचेच असतील. बाह्यांच्या कडा रिबच्या, म्हणजे उभ्या सरींच्या लवचिक विणीच्या, करायच्या की साध्या, एवढंच ठरायचं आहे, कारण रिब मनगटावर छान बसते पण हातमोज्याखाली भिजली की सगळ्यात उशिरा वाळते.